कॉलेज फुटबॉलचं बिल नक्की कोण भरतंय?

मुळाकाठ

थोरली लेक यंदा कॉलेजात गेली. आम्ही अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात राहतो. कॉलेज इथलंच, सरकारी, फार नावाजलेलं नाही आणि अगदी टाकाऊही नाही. ऑगस्टमध्ये पहिल्या सेमिस्टरचं बिल आलं तेव्हा आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक ओळ वाचत होतो. ट्यूशन, हॉस्टेल, मेस, आरोग्य शुल्क, तंत्रज्ञान शुल्क. मग एक ओळ आली, इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फी. ५०० डॉलरच्या वर, आणि तेही एकाच सेमिस्टरचे. मी म्हटलं, जिमचे असतील. लेकीने खाली स्क्रोल केलं तर जिमची फी वेगळी होती, दोन ओळी सोडून. हे पैसे कॉलेजच्या संघांसाठी होते आणि त्यातला मोठा घास फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा.

ही फी ऐच्छिक नाही. मॅच बघा न बघा, भरावी लागते. लेक शनिवार-रविवार लायब्ररीच्या काउंटरवर ताशी १२ डॉलरने बसते. तिने बिलाच्या मागे भागाकार केला आणि म्हणाली, "आई, म्हणजे ४० तासांहून जास्त काम मी यांच्या मॅचसाठी करणार. आणि मॅच तर मी एकही बघणार नाहीये." खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतेय. इथे अमेरिकेत शिकलेले, मुलं शिकत असलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

मला आजवर वाटायचं की या खेळात पैसा ओतू जात असणार. शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्हीवर मॅच, लाख लाख माणसांची स्टेडियमं. करारही तसेच. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर ७ वर्षांचा करार केला, तो ७०० कोटी डॉलरहून मोठा. प्लेऑफसाठी, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या सामन्यांसाठी, ईएसपीएन ६ वर्षांचे ७८० कोटी डॉलर देणार. पण हा पैसा मोजक्याच घरांत जातो. खुद्द एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, हिशोबाप्रमाणे २०१९ मध्ये जवळजवळ ११०० कॉलेजांपैकी फक्त २५ कॉलेजांच्या क्रीडा विभागांनी खर्चापेक्षा जास्त कमावलं. बाकीच्यांची तूट विद्यापीठाचा निधी, राज्याचा करदाता आणि माझ्या लेकीसारखी मुलं भरतात.

त्यात आता नवा खर्च आलाय. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस विरुद्ध एनसीएए या खेळाडूंनी भरलेल्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यामुळे जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिवाय जुन्या खेळाडूंची भरपाई, १० वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळतोय याचा मला आनंदच आहे, तो कधीच मिळायला हवा होता. प्रश्न हा की ज्या विभागाचं आधीच भागत नव्हतं तो हे पैसे आणणार कुठून? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

माझं म्हणणं सरळ आहे. फुटबॉलने फुटबॉलच्या कमाईत राहावं. जे विद्यार्थी कर्ज काढून शिकताहेत त्यांच्या बिलात ही ओळ असू नये. तुम्हाला काय वाटतं?

टेकडीवरून

चांगला धागा. माझं मास्टर्स ओहायो स्टेटमधून झालं. शनिवारी त्या घोड्याच्या नालेसारख्या स्टेडियममध्ये १ लाख माणसं लाल कपडे घालून बसायची, तो आवाज अजून कानात आहे. पहिल्या वर्षी मला नियम एक कळत नव्हता, तरी मी प्रत्येक होम मॅचला गेलो. परक्या देशात आपण कशाचा तरी भाग आहोत असं मला सगळ्यात आधी तिथे वाटलं, वर्गात नाही.

आमच्याकडे क्रीडा विभाग स्वतःच्या पायावर उभा आहे असं कायम सांगितलं जायचं. म्हणून विचारतो, एवढं उत्पन्न असताना तूट येतेच कशी? खर्च होतो कशावर?

मुळाकाठ

टेकडीवरून, तुमच्याच विद्यापीठाचं उदाहरण देते. जून २०२४ ला संपलेल्या वर्षात ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागाचं उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या आसपास होतं, आणि तरी तूट आली ३ कोटी ७७ लाख डॉलरची. पुढच्याच मोसमात हा संघ राष्ट्रीय विजेता झाला.

मला समजलं ते असं. क्रीडा विभागाला मालक नाही, भागधारक नाहीत. नफा उरला तर तो घेणारं कोणी नाही. मग जेवढं येतं तेवढं खर्च होतं आणि शेजारचा काय करतोय ते बघून त्याच्याहून थोडं जास्तच होतं. शेजाऱ्याने नवी लॉकर रूम बांधली की आपल्यालाही हवी. शेजाऱ्याने प्रशिक्षकाला १० वर्षांचा करार दिला की आपणही द्यायचा. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा करारातली उरलेली रक्कम होती ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास. एका माणसाला घरी बसवण्यासाठी एवढी रक्कम! मी तो आकडा तीनदा वाचला.

जमाखर्च

मी एका विद्यापीठाच्या वित्त विभागात बरीच वर्षं काम केलं आहे (नाव सांगत नाही), म्हणून हिशोबाबद्दल थोडं लिहितो. बाहेरून ताळेबंद वाचताना माणूस नेमका कुठे फसतो ते मला माहीत आहे.

क्रीडा विभागाच्या अहवालात उत्पन्नाचे दोन प्रकार असतात. एक कमावलेलं: तिकिटं, टीव्हीचा वाटा, देणग्या, जाहिराती. दुसरं वाटून दिलेलं: विद्यार्थ्यांची फी, विद्यापीठाच्या निधीतून आलेली मदत, राज्याचं अनुदान. शेवटच्या ओळीत दोन्हींची बेरीज "एकूण उत्पन्न" म्हणून येते. त्यामुळे वर्तमानपत्रात "विभागाचा जमाखर्च जुळला" असं छापून येतं तेव्हा पहिल्यांदा वाटून दिलेला भाग वेगळा काढा. पहिल्या फळीबाहेरच्या कित्येक विद्यापीठांत तो निम्म्याच्या वर निघतो. म्हणजे मुळाकाठ ताईंच्या लेकीची फी तिथे "उत्पन्न" या रकान्यात बसलेली आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. शिष्यवृत्तीचा खर्च क्रीडा विभाग विद्यापीठालाच भरतो, पूर्ण ट्यूशनच्या दराने. वर्गात ४० मुलं बसलेली असताना ४१ वा खेळाडू बसला तर विद्यापीठाचा खर्च फारसा वाढत नाही. म्हणजे तुटीतला काही भाग घरातल्या घरात या खिशातून त्या खिशात गेलेला असतो. पण उलटंही घडतं. स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते, वीज, कायदेशीर खर्च यातलं बरंच कधी कधी विद्यापीठाच्या मुख्य खात्यावर असतं आणि क्रीडा विभागाच्या कागदावर दिसतच नाही. त्यामुळे खरी तूट किती, हे कागद हाताळणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. सार्वजनिक पैसा आहे, तो कुठे जातो ते एका पानावर दिसायला हवं.

प्रशिक्षकांना सोडताना दिलेल्या रकमांबद्दल "ते देणगीदार भरतात, विद्यार्थ्यांचे पैसे नाहीत" असं सांगितलं जातं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तोच देणगीदार पुढच्या वर्षी स्टेडियमच्या छपरासाठी नाही म्हणतो आणि तो खर्च पुन्हा मुख्य निधीकडे येतो.

काळा कोट

कायद्याच्या अंगाने थोडं. माझा विषय स्पर्धा कायदा आहे, त्यामुळे हे खटले आम्हाला अभ्यासालाच होते.

आजच्या पैशाच्या पुराचं मूळ १९८४ मध्ये आहे. तोवर कुठल्या मॅच टीव्हीवर दिसणार, किती दिसणार, हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी खटला भरला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की हे नियंत्रण स्पर्धा कायद्याच्या विरोधात आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा खेळ शिक्षणाचा भाग आहे, त्याला निव्वळ धंद्याचे नियम लावले तर तो धंदाच होईल, अशी त्यांची धारणा होती. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर होतं असं मी आजही म्हणेन, पण पुढे काय होणार ते व्हाइट यांना दिसलं होतं.

त्या निकालानंतर गटागटांनी स्वतःचे टीव्ही करार केले आणि ज्याचा गट मोठा त्याचा करार मोठा झाला. शेवट पॅसिफिक किनाऱ्यावर झाला. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी तिथला पॅक-१२ हा गट सोडून बिग टेनमध्ये जायचं ठरवलं. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात बाकीचेही पांगले आणि शंभर वर्षांहून जुन्या गटात उरले फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. स्टॅनफर्ड आणि बर्कली आता अटलांटिक किनाऱ्याच्या गटात आहेत, तेही सुरुवातीची कित्येक वर्षं टीव्हीचा अपुरा वाटा घेऊन.

खेळाडूंची बाजू तर फार उशिरा आली. "स्टुडंट-ॲथलीट" हा शब्द एनसीएएने १९५० च्या दशकात रूढ केला तो खेळाडू कर्मचारी ठरू नयेत म्हणून. कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू १९५५ मध्ये मैदानावर डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. २०२१ च्या ऑल्स्टन निकालात सर्वोच्च न्यायालय ९ विरुद्ध ० असं खेळाडूंच्या बाजूने उभं राहिलं तेव्हा मला त्या बाईंची आठवण झाली.

त्यामुळे मुळाकाठ, खेळाडूंच्या पैशामुळे विद्यापीठं बुडताहेत, हा सूर कोणी लावला तर मी मान्य करणार नाही. खेळाडूंना काही मिळत नव्हतं तेव्हाही तूट होतीच.

मुळाकाठ

काळा कोट, पूर्ण सहमत. माझ्या लिहिण्यात तसा सूर आला असेल तर दुरुस्त करते. डेनिसनबद्दल मला माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

दक्षिणवारा

मी अलाबामात टस्कलूसाजवळ १४ वर्षं राहतोय. तुमची चिडचिड समजते, पण इथून चित्र फार वेगळं दिसतं.

फुटबॉलचे प्रशिक्षक निक सेबन २००७ मध्ये अलाबामा विद्यापीठात आले तेव्हा तिथे सुमारे २५ हजार विद्यार्थी होते. जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ४० हजारांच्या जवळ. निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतून आलेले, म्हणजे जास्त फी देणारे. २००८ च्या मंदीनंतर सरकारी विद्यापीठांचे हात आखडले गेले, तेव्हा या मुलांच्या पैशावर इथे इमारती उभ्या राहिल्या, प्राध्यापक नेमले गेले. हे सगळं एकट्या फुटबॉलने केलं असं मी म्हणत नाही, विद्यापीठाने बाहेरच्या हुशार मुलांना शिष्यवृत्त्याही भरपूर दिल्या. पण न्यू जर्सीतल्या किंवा इलिनॉयमधल्या सतरा वर्षांच्या मुलाने अलाबामाचं नाव ऐकलं ते शनिवारच्या टीव्हीवरच ना?

आणि गावाचं म्हणाल तर मॅचच्या शनिवारी माझ्या गल्लीत लोक अंगणं पार्किंगसाठी देतात. समोरच्या आजी, वय ७८, गवतावर खडूने रेघा मारून पहाटेपासून खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या घराचा वर्षाचा कर त्या ७-८ शनिवारांत निघतो. मला बोलावून चिकन खायला घालतात, मी त्यांना शेव-चिवडा देतो. याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, तुम्हीच सांगा.

मुळाकाठ

दक्षिणवारा, त्या आजींचं वाचून मन भरून आलं. आणि अलाबामाचं उदाहरण खोटं नाही. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. अलाबामा एकच. त्याच्याकडे बघून ज्यांनी ऋण काढून सण केला त्यांचं काय?

आमच्यासारख्या कॉलेजांचा संघ मोठ्या संघाकडे पैसे घेऊन हरायला जातो, हे तुम्हाला माहीतच असेल. त्याला हमी रक्कम म्हणतात. मोठा संघ मोसमाच्या सुरुवातीला घरच्या मैदानावर सोपा विजय विकत घेतो. नॉर्दर्न इलिनॉय सप्टेंबर २०२४ मध्ये नोत्र दामकडे १४ लाख डॉलर घेऊन खेळायला गेला आणि १६-१४ असा जिंकून आला. २००७ मध्ये ॲपलेशियन स्टेटने ४ लाख डॉलर घेऊन मिशिगनला ३४-३२ ने त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. या गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या जातात कारण त्या क्वचित घडतात. एरवी ही मुलं ५०-६० गुणांनी हरतात, अंग ठेचून घेतात, आणि तो चेक दुसऱ्या खेळांच्या बसभाड्यासाठी वापरला जातो. एखाद्याच्या विसाव्या वर्षी त्याला हे करायला लावणं मला पटत नाही.

लांब उडी

वाचत होते, लिहावं की नाही कळत नव्हतं. लिहितेच.

माझा मुलगा तिहेरी उडी मारतो. शिष्यवृत्ती नव्हती, चाचणी देऊन संघात आला होता. दोन वर्षं पहाटे पाचला उठून सराव केला. या वसंतात त्याच्यासकट अकरा मुलांना एका खोलीत बोलावलं आणि सांगितलं की नव्या तडजोडीत प्रत्येक संघाला संख्येची मर्यादा आहे, तुम्हाला जागा नाही. दहा मिनिटांची बैठक. बाहेर येऊन त्याने मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मला फक्त मागे कुणीतरी पोल व्हॉल्टचा बांबू जमिनीवर टेकवल्याचा आवाज येत होता. त्याचे स्पाइक्स अजून दाराशी आहेत. मी हलवलेले नाहीत.

हे एका कॉलेजचं नाही. वॉशिंग्टन स्टेटने जून २०२५ मध्ये उड्या आणि फेकीचे सगळे प्रकारच बंद केले, ट्रॅक संघ लांब पल्ल्याच्या धावण्यापुरता ठेवला. मोठी विद्यापीठं खेळाडूंच्या वाट्यातला साधारण पाऊण हिस्सा फुटबॉलला देताहेत. आणि जुन्या भरपाईचे पैसे एनसीएए पहिल्या, म्हणजे वरच्या विभागातल्या सगळ्याच कॉलेजांच्या वार्षिक वाटपातून कापते, ज्यांच्याकडे फुटबॉल नाही त्यांच्याही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच.

आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटमध्ये शिकला, तिथून खेळताना २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीत एनसीएए विजेता झाला. त्याच्यासारख्या मुलांना जगातला सर्वोत्तम सराव आणि पदवी एकाच ठिकाणी मिळते. फ्रान्सचा लिऑन मार्शाँ ॲरिझोना स्टेटमध्ये पोहला आणि पॅरिसमध्ये त्याने ४ सुवर्णपदकं घेतली. ही व्यवस्था मोडली तर पुन्हा उभी राहणार नाही. मला फुटबॉलचा राग नाही हो. फुटबॉलमुळेच माझ्या मुलाला दोन वर्षं ट्रॅक मिळाला हेही मला ठाऊक आहे. पण तोट्याची कुऱ्हाड प्रत्येक वेळी त्याच मुलांवर का?

काळा कोट

लांब उडी, तुमच्या मुलाला माझ्याकडून सांगा की तडजोडीच्या अंतिम मसुद्यात मर्यादेमुळे वगळलेल्या खेळाडूंसाठी सूट आहे. कॉलेजने त्याचं नाव यादीत दिलं असेल तर तो संख्येत मोजला जात नाही, इथेही आणि दुसऱ्या कॉलेजात गेला तरीही. यादीत नाव आहे का, ते लेखी विचारा. घ्यायचं की नाही ते कॉलेजच्या हातात राहतं, पण विचारल्याशिवाय राहू नका.

लांब उडी

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच मेल करायला लावते. मनापासून धन्यवाद.

पर्वती पायथा

पुण्यातून वाचतोय. एक मूलभूत प्रश्न, भाबडा वाटला तर क्षमा करा. हे सगळं कॉलेजने का करायचं? आमच्या वेळी कॉलेजच्या पावतीवर जिमखाना फी असायची. तेवढ्यात कबड्डीच्या संघाला जर्सी, एसटीचं भाडं आणि मॅचनंतर केळी मिळायची. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ट्रॅकसूट, तो पोरं पुढे नोकरीच्या मुलाखतीलासुद्धा घालून जायची. आपल्याकडे दुसरं टोक आहे, खेळाला काहीच मिळत नाही, ते मी चांगलं म्हणत नाही. पण युरोपात तर क्लब असतात. तिथे विद्यापीठाचा संबंध येत नाही.

टेकडीवरून

पर्वती पायथा, इथे तो मधला जिनाच नाही. शाळा, मग कॉलेज, मग एकदम एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग. आणि शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणाला घेत नाही. ती तीन वर्षं मुलाला वाढवायचं, खाऊ घालायचं, दुखापती सांभाळायच्या, हे काम कॉलेजं करतात. एनएफएल जगातली सगळ्यात श्रीमंत क्रीडा संघटना, आणि या रोपवाटिकेसाठी ती कॉलेजांना एक डॉलरही देत नाही. हे मी याआधी कधी या बाजूने बघितलंच नव्हतं. आज लिहिताना जाणवलं.

खाडीपलीकडे

बर्कलीबद्दल लिहायलाच हवं. मी तिथे होतो आणि ते सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

मेमोरियल स्टेडियम १९२३ चं, टेकडीच्या कुशीत, फार देखणं. पण हेवर्ड भ्रंशरेषा मैदानाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. जमीन दरवर्षी काही मिलिमीटर सरकते. जुन्या भिंतीच्या सांध्याशी उभं राहिलं की दोन बाजू एकमेकींना जुळत नाहीत हे डोळ्यांना दिसायचं, माझी बोटं त्या फटीत जायची. भूकंपापासून बचावासाठी दुरुस्ती अटळ होती. शेजारच्या ओक झाडांवर आंदोलक २००६ च्या डिसेंबरपासून २००८ च्या सप्टेंबरपर्यंत चढून बसले होते, मी रोज त्यांच्या खालून जायचो. शेवटी दुरुस्ती झाली, २०१२ मध्ये स्टेडियम उघडलं. शेजारचं खेळाडूंचं सराव केंद्र धरून कर्ज ४० कोटी डॉलरहून जास्त.

ते फेडायची योजना अशी होती की चांगल्या खुर्च्यांचा हक्क कित्येक वर्षांसाठी विकायचा, एकेक खुर्ची हजारो डॉलरला, आणि त्या पैशाच्या गुंतवणुकीतून कर्ज फिटेल. खुर्च्या अपेक्षेइतक्या विकल्या गेल्या नाहीत. आर्थिक मंदी आली, संघही हरत होता. २०१८ मध्ये कर्जाचा निम्म्याहून जास्त भार विद्यापीठाने क्रीडा विभागाकडून स्वतःवर घेतला. हे तेच विद्यापीठ जिथे आम्ही प्रयोगशाळेत तुटक्या स्टुलांवर बसायचो. त्या स्टेडियमवर माझं प्रेम आहे, संध्याकाळी वरच्या रांगेतून खाडी दिसते तशी कुठूनच दिसत नाही. पण तो निर्णय चुकीचा होता.

मिशिगन किनारा

पूर्ण उलटं केलेलं एक विद्यापीठ माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे. शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी पहिली हाइझमन ट्रॉफी १९३५ मध्ये त्यांच्याच जे बरवँगर यांना मिळाली. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ च्या मोसमानंतर फुटबॉल बंदच केला. त्याच वर्षी मिशिगनने त्यांना ८५-० असं हरवलं होतं. माजी विद्यार्थी खवळले, देणग्या थांबतील असं म्हटलं गेलं. विद्यापीठ बुडालं नाही. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेच्या गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ ला जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली. आज त्या मैदानाच्या जागी मोठी लायब्ररी आहे.

आणि हे फारसं सांगितलं जात नाही, १९६९ मध्ये तिथे फुटबॉल परत आला. एनसीएएच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागात, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, गर्दी थोडी. मी मुलांना घेऊन जातो. आईबाप सतरंज्या टाकून बसतात, मुलं जीव तोडून खेळतात आणि सोमवारी गणिताच्या तासाला जातात. पूर्ण बंद करणं आणि २ कोटी डॉलर वाटणं यांच्या मध्ये ही जागा आहे. आयडाहो विद्यापीठ २०१८ मध्ये स्वतःहून पहिल्या विभागातल्या वरच्या पायरीवरून एक पायरी खाली आलं. मार्च २०२५ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या सेंट फ्रान्सिसने थेट तिसऱ्या विभागात जायचं जाहीर केलं, त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्यावर काही दिवसांतच. खाली उतरायला धैर्य लागतं, माजी विद्यार्थ्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

जमाखर्च

मिशिगन किनारा यांच्याशी सहमत, पण बहुतेक विद्यापीठं आज उलट्या दिशेने धावताहेत. टेनेसीने सीझन तिकिटांवर १० टक्के "टॅलेंट फी" लावली. केंटकीने क्रीडा विभागाची स्वतंत्र कंपनी करायला २०२५ मध्ये मंजुरी दिली. युटाने खासगी गुंतवणूकदाराला भागीदार करून घ्यायचं ठरवलं. यातला पहिला मार्ग मला बरा वाटतो, कारण ज्याला मॅच बघायची आहे तो पैसे देतो. वेगळ्या कंपनीची भीती अशी की हिशोब सार्वजनिक माहितीच्या कायद्याबाहेर जाऊ शकतो. गुंतवणूकदाराला परतावा लागतो, आणि तो दरवर्षी लागतो. संघ हरला म्हणून तो थांबत नाही.

मुळाकाठ ताई, तुमच्या कॉलेजचा खरा आकडा हवा असेल तर एक करा. सरकारी कॉलेज आहे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली अर्ज करता येतो. एनसीएएला दरवर्षी सादर होणारा आर्थिक अहवाल मागा, पूर्ण, सगळ्या तक्त्यांसकट. त्यात "विद्यार्थी फी" आणि "संस्थेची थेट मदत" या ओळी वेगळ्या असतात. तिसरी ओळ "अप्रत्यक्ष मदत", तीही बघा. आणि कर्जाचं पान वगळून दिलं तर पुन्हा मागा.

दक्षिणवारा

जमाखर्च यांचं हे मला पटलं. अलाबामाचा चाहता म्हणूनही सांगतो, आकडे उघड असले तर आमचं काही बिघडत नाही. आणि मुळाकाठ, तुमच्या लेकीने ४० तास काम करून जिथे ती जात नाही त्या मॅचचे पैसे भरावेत हे बरोबर नाहीच. मी आमच्या आजींना हे वाचून दाखवलं, अर्थात इंग्रजीत सांगून. त्या म्हणाल्या, त्या मुलीला म्हणावं एकदा इथे ये, पार्किंगचे पैसे घेणार नाही.

मुळाकाठ

आजींना माझा नमस्कार सांगा. लेकीला सांगितलं, ती हसली आणि म्हणाली, जाऊ या.

जमाखर्च, अर्ज काल भरला. लेकीनेच लिहिला, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही ओळींची नावं घालून. कर्जाच्या पानाचा वेगळा उल्लेख केलाय. पोच आली आहे. कॉलेजच्या नियामक मंडळाची पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे आणि कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. लेकीने नाव नोंदवलंय. पहिल्यांदाच माइकसमोर उभी राहणार आहे, रोज रात्री आरशासमोर तीन मिनिटं लावून बघतेय, अजून चार होताहेत.

लांब उडी, यादीचं काय झालं ते कळवा.

लांब उडी

नाव यादीत आहे. आज उत्तर आलं. दोन कॉलेजांना त्याने स्वतः मेल केलेत. स्पाइक्स दाराशीच आहेत, पण आज सकाळी त्याने ते धुऊन वाळत ठेवले.